रेवसच्या शेडला हीटर किती टनाचा?

लोक विचारतात, "एवढे किस्से आणतोस कुठून?" अहो, मी कशाला आणू? रेवसला आमची होड्या दुरुस्तीची शेड आहे, तिथे ते आपोआप साचतात. यंदाचे सगळे हीटरचे.

हसा! कोकणात हीटर! पण पावसाळी दमट हवेत फायबरचा लेप सुकतच नाही. धर्मा नाखव्याची होडी नुसती चिकचिक करत होती. नारळी पौर्णिमेला ती पाण्यात उतरली नाही, तर त्याच्या पोटावर पाय. "समदे दर्यावर, नि मी काय धक्क्यावर जाली विनू?" रडकुंडीला आला होता बिचारा. मलाही वाईट वाटायचं.

*

मी तिथला कामगार; शेडचे मालक सलीमभाई. उभी हयात दुबईत एसी बसवण्यात गेली. त्यांनी पुण्याच्या हीटरवाल्याला फोन लावला.

"भिंती किती?"

"तीन."

"आणि चौथीकडे?"

"समुंदर."

मग तो म्हणाला, "साहेब, अरबी समुद्र तापवायचा हीटर आमच्याकडे नाही!"

*

नाखव्याने स्वतःच हिशेब केला. "माज्या होडीत दोन टन बरफ मावतो. मंग हीटर पन दोन टनाचाच!"

सलीमभाईंना हे तंतोतंत पटलं. मला अजून पटलेलं नाही, पण मला विचारतो कोण?

*

टनावर हीटर मिळेना. सलीमभाईंनी घरचा जुना विंडो एसी बाजूच्या भिंतीत उलटा बसवला. थंड तोंड बाहेर, तापलेली पाठ आत. आणि चालला की राव!

आम्ही आत घामाघूम. बाहेर नाखवीण गार वाऱ्यात मासळीची पाटी घेऊन बसलेली. "भाई, माज्यासाठी केलंव? लई बरं हाय!"

*

पण एसी एक टनाचा, पाहिजे होता दोनाचा. सगळी ऊब समुद्राकडे पळायची. सलीमभाई म्हणाले, "मशीन नाही वाढवायची. हवा अडवायची!"

नाखव्याने विटा आणल्या, मी माल कालवला. समुद्राकडे पक्की भिंत उभी राहिली, कोपऱ्यात एक माणूस जाईल एवढी फट ठेवून. लेप असा सुकला, की टिचकी मारली तर खणखण!

पौर्णिमेला नाखवा नवी टोपी घालून, नारळ घेऊन, वाजतगाजत आला. होडी ढकलायला अख्खी आळी आत शिरली. एकेक करून, फटीतून.

वाजंत्री थांबली.

नाखव्याने होडीकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. "भाई, दार कुठं हाय?"

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "दार ठेवलं असतं, तर दोन टनाचा लागला असता!"