मेक रुगायाचा ठिय्या

मलेशियातल्या कोटा बारूच्या बाजारात माझ्या गाळ्याला लागूनच मेक रुगायाचा गाळा. नारळाच्या दुधात मसाल्यासकट परतून सुकवलेलं मांस ती विकायची. बोलायला फटकळ, वजनाला चोख. नवरा गेल्यापासूनची सगळी शिल्लक तिनं गावातल्या इस्लामी बँकेत ठेवली होती. व्याजाची नव्हे, नफ्यात वाटा मिळणारी ठेव. ठेवीदारांचे आणि बँकेच्या भागधारकांचे पैसे एकत्र करून धंद्यात घालायचे. नफा झाला तर ठरल्याप्रमाणे वाटायचा, बुडालं तर ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या मानानं सोसायचं.

त्या मे महिन्यात बँकेचं पत्र आलं. तिचा चष्मा फुटलेला, म्हणून मीच वाचून दाखवलं. नदीकाठच्या हॉटेलाच्या बांधकामात पैसे बुडाले, ठेवींतून शेकडा अकरा वजा. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. भागधारकांची रक्कम मार्चमध्येच वेगळी काढल्यामुळे त्यांच्यावर बोजा नाही.

"परत वाच," ती म्हणाली. मी वाचलं.

"मार्च? अगं, तिथलं काम जानेवारीतच बंद पडलंय. रोज त्याच रस्त्यानं घरी जाते मी!"

दुसऱ्या दिवशी गाळा बंद ठेवून ती मला घेऊन बँकेत गेली. मॅनेजर हिशाम तरुण, गोडबोल्या. त्यानं चहा मागवला.

"मावशी, जोखीम असतेच हो. अल्लाची मर्जी."

"अल्लाला मध्ये ओढू नकोस, पोरा. नुकसान मी सोसीन. पण कढईत दूध दोघांचं ओतलं, आणि खाली लागल्यावर म्हणतोस, मावशी, करपलं ते तुमचंच?"

रांगेतली माणसं हसली. हिशामनं घाईघाईनं आम्हा दोघींना आत नेलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"तुमच्यापुरतं मी भरून देतो. भेट समजा. फक्त बाहेर बोलू नका."

खरं सांगते, तिच्या जागी मी असते तर घेतले असते.

"माझ्या एकटीचेच का? बाहेरचे ते काय सावत्र?" चहाला हातही न लावता ती उठली, आणि बाहेरच्या खुर्चीवर येऊन बसली. "धर्माचा निवाडा देणारे उस्ताज आहेत ना तुमचे? त्यांना बोलवा. तोवर मी इथंच."

तीन दिवस ती बँक उघडताना यायची आणि बंद होताना उठायची. शिपायानं दटावलं, तर म्हणाली, "उचलून ने. पण पाठीत चमक भरली तर माझ्याकडं येऊ नकोस."

चौथ्या दिवशी उस्ताज आले. म्हातारे, शांत. त्यांनी तीनच तारखा विचारल्या: पैसे एकत्र कधी केले, काम कधी थांबलं, भागधारकांचे बाहेर कधी काढले. शेवटची तारीख सांगताना हिशाम अडखळला.

"तोटा दिसल्यावर पळवलेली रक्कम तोट्यातून सुटत नाही," उस्ताज म्हणाले. "ती परत आणा."

महिन्याभरात अकराचे आठ झाले, आणि तेही सगळ्या ठेवीदारांचे. ते आठ मेकनं हूं की चूं न करता सोसले.

"आता तरी पैसे काढ तिथून," तिच्या मुलीनं सांगून पाहिलं.

"लबाडी त्यांनी करायची आणि घर मी सोडायचं? जमणार नाही."

अजूनही दर महिन्याच्या एक तारखेला ती बँकेत जाते. एकत्र रकमेत कुणाचे किती, ते हिशामकडून कागदावर लिहून घेते, आणि सही झाल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही.