तांब्याचा रुपया

बसा, चहा टाकलाय. उकळेपर्यंत माझी फजिती ऐका. माझ्याच तोंडून ऐकलेली बरी, कारण अहमदपुरात तिला आधीच चार शेपट्या फुटल्यात!

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आता निवृत्त. गेल्या उन्हाळ्यात बायको लेकीकडं लातूरला गेली आणि नेमकं माझ्या शर्टाचं बटण तुटलं. म्हणून तिचा सुईदोऱ्याचा डबा उघडला. बटणं, हुक, साडीच्या फॉलचे तुकडे... आणि अगदी तळाशी, खणाच्या चिंधीत गुंडाळलेला एक रुपया.

आपला जुना जाडजूड रुपया हो! पण रंग? तांब्याचा!

आता तुम्हीच सांगा, तांब्याचा रुपया बघितलाय कधी? तो तर पांढरा, निकेलचा. मी मोबाइल काढला. तिथं एक गृहस्थ छातीठोक सांगत होते, की टांकसाळीत कधीमधी चुकीच्या धातूची चकती साच्याखाली जाते. असलं नाणं लाखात एक! आणि त्याची किंमत म्हणाल तर... किंमत ऐकून मी पंखा पाचवर केला. बटण राहिलं बाजूलाच.

मी फक्त एकाच माणसाला सांगितलं. शेजारचे किराणा दुकानदार, मन्मथअप्पा.

"सर, लई मोठं घबाड घावलं की हो!"

"अप्पा, कुणाला बोलू नका."

"मी? मी कशाला बोलून राहिलो!"

दुपारी न्हाव्याच्या दुकानात बातमी होती, की सरांना निजामाच्या काळातलं नाणं सापडलं. चार वाजेपर्यंत त्या नाण्याचा हंडा झाला. आणि संध्याकाळी मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, दोघं जण दारात हजर, "परसात कुठं खणलंत, सर?" अहो, माझ्या परसात एक कढीपत्त्याचं झाड आहे, बस्स!

अप्पांनी तर कहर केला. चिंचेचा गोळा घेऊन आले. "द्या इकडं. घासून लख्ख करतो, भाव वाढंल."

"अप्पाऽऽ! घासलं की किंमत मेली!" मी असा ओरडलो, की त्यांच्या हातातली चिंच खाली पडली.

खरं-खोटं करायचं तर जाणकार पाहिजे. मला अझहर आठवला. माझा जुना विद्यार्थी. नांदेडला घड्याळं दुरुस्त करतो आणि जुन्या नाण्यांचा त्याला भारी नाद.

दुसऱ्या दिवशी रुपया कापसात ठेवला, कापूस चष्म्याच्या डबीत, डबी शर्टाच्या आतल्या खिशात आणि खिशावर हात. असा बसलो एसटीत. लोहा गाव यायच्या आत कंडक्टर वाकून म्हणाला, "काका, छातीत दुखून राहिलं का?"

"नाही, नाही."

"मग घाम कशाचा? ओ, जरा खिडकी उघडा!" झालं! एका बाईंनी पाण्याची बाटली दिली. मागचा एक जण जिभेखाली ठेवायची गोळी काढायला लागला. आता काय सांगणार, की छाती ठीक आहे, छातीवर लाख रुपये आहेत? मी निमूट पाणी प्यालो आणि नांदेडपर्यंत आजारी राहिलो.

अझहर मला बघताच उठून उभा राहिला. दाढी पांढरी झालीय, पण उभं राहणं तेच, नववीतलं. त्यानं चहा मागवला, डोळ्याला भिंग लावलं आणि रुपया फिरवून फिरवून बघितला.

"सर, टांकसाळीची चूक म्हणजे नाणं पाडतानाच झालेली. धातू चुकला, साचा तडकला, ठसा सरकला, जे काय व्हायचं ते तिथंच. बाहेर आल्यावर कुणी घासलं, ठोकलं, वर काही चढवलं, ती चूक न्हाई. ती इजा."

"मग हे?"

त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. "तुम्हीच बघा. हे ओरखडे दिसतात? त्यांच्या आत काय आहे?"

"तांबं."

"मग आधी काय झालं असंल?"

गंमत बघा! वर्गात मी अगदी असाच विचारायचो. उत्तर आयतं द्यायचं नाही, पोरांकडून काढून घ्यायचं. "आधी ओरखडे," मी हळूच म्हणालो. "तांबं नंतर."

"शाबास!" अझहर म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "माफ करा सर, तोंडातून निघून गेलं."

म्हणजे रुपया आधी बाजारात चांगला फिरला, झिजला आणि मग त्यावर तांबं चढलं. त्यानं कडेवर बोट ठेवलं. तिथं बारीक पांढरे ठिपके होते, ओळीनं, दातांसारखे. "आणि हे, सर?"

मला घाम फुटला. या वेळी खरा. "क्लिपचे दात," मी म्हणालो. "मोरचुदाचं निळं पाणी, तांब्याची पट्टी, दोन सेल. क्लिपनं धरलं तिथं तांबं चढत नाही."

"नववी ब," अझहर हसला. "तुम्ही माझ्या सायकलच्या चावीवर चढवून दाखवलं होतं. मी महिनाभर कुलूप लावलं न्हाई, चावी घासंल म्हणून! तिथूनच हा धातूंचा नाद लागला, सर."

क्षणभर ते घड्याळांचं दुकान मला शाळेची प्रयोगशाळाच वाटलं. गंजलेलं स्टँड, निळं बीकर, भोवती पन्नास डोकी.

"याची किंमत किती रे?"

"एक रुपया. पण ज्यानं केलंय ना सर, त्यानं लई जीव लावून केलंय. दोन्ही बाजूंना थर एकसारखा आहे."

परतीच्या बसमधून अहमदपूरला उतरायची हिंमत झाली नाही. स्टँडसमोर मन्मथअप्पा उभे दिसले, सोबत अजून तिघं! मी खिडकीखाली वाकलो आणि तसाच थेट लातूर गाठलं.

लेकीच्या घरी बायको भाजी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, एसटीतल्या पाण्यासकट. ती ऐकत राहिली आणि मग अशी हसली, की मेथीची जुडी मांडीवरून घरंगळली.

"अहो, तुम्हीच दिला होता की तो! लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला. म्हणालात, टांकसाळीची चूक आहे, लाखात एक, जपून ठेव."

आणि मला आठवलं. रविवारची रिकामी शाळा, बाहेर पतंगांचा गलका आणि मी एकटा बीकरसमोर, रुपया उलटापालटा करत. नव्या बायकोवर छाप पाडायची होती! एवढी मोठी थाप मारली आणि साफ विसरलो. आणि आता माझ्याच थापेला मीच फसलो!

"आणि तू ती थाप खरी मानून इतकी वर्षं रुपया जपलास?" मी विचारलं.

"खरी?" मराठी घेऊन बी.ए. झालेली माझी बायको मेथी गोळा करत म्हणाली, "देताना तुमची बोटं निळी होती. मी तेव्हाच ओळखलं. पण म्हटलं, नवीन लग्न आहे, सरांना कशाला लगेच नापास करायचं!"