पुरणपोळी दारातून परत गेली तेव्हा

विश्रामबागेत आमच्या शेजारी कुंडलचे निवृत्त सुभेदार राहतात. त्यांच्या घरची पुरणपोळी एवढी तलम, की पंखा लावून खायला बसलं तर ताटातली पोळी मिरजेत जाऊन पडेल. ती मी जन्मात एकदाच नाकारली, गेल्या वर्षी, पेसाहच्या सणात.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमचे पूर्वज मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून निघाले तेव्हा पीठ फुगेपर्यंत थांबायला सवड नव्हती. म्हणून या सणात भिजवून मुरवलेल्या कणकेचं काही चालत नाही. आमची ही तर घर असं झाडते, की मुंग्या आठवडाभर आधीच बिऱ्हाड हलवतात. मग खजूर आटवून घट्ट पाक करते. मिसरच्या राजाच्या, फारोच्या विटांसाठी पूर्वजांनी चिखल तुडवला, त्याची ती आठवण. इतका गोड चिखल असता तर मी मिसरमध्येच राहिलो असतो.

अशात सुभेदारांच्या घरच्या काकू दारात आल्या. त्यांचा मुलगा सैन्यात भरती झालेला, त्या आनंदात पुरण घातलेलं. हातात पोळ्यांची चवड, वर तूप.

"आवं, घ्या की. आत्ता तव्यावरनं काढलीया."

"काकू, आज नको. सण आहे आमचा," ही म्हणाली.

"सणाला गोड नको?" काकूंचा चेहरा उतरला. "आमच्या घरचं चालत न्हाई, आसं सरळ सांगा की."

आमच्या भागात या वाक्याचा अर्थ कुणाला समजवावा लागत नाही. एरवी मी बोलण्यात हत्तीलाही झाडावर चढवीन, पण तेव्हा दारातल्या चपला सरळ करत राहिलो. हिनेच काकूंना हाताला धरून आत नेलं, गव्हाच्या पिठाचे रिकामे डबे दाखवले, मिसरची गोष्ट सांगितली. मग मला कंठ फुटला आणि मी पूर्वजांचा पाठलाग करणारे फारोचे रथ पार कृष्णेच्या पुलापर्यंत आणले.

मागोमाग सुभेदार आले होते. म्हणाले, "खरं हाय. हलायचा हुकूम आला, तवा आमीबी मळलेली कणीक परातीत सोडून गेलोय."

काकू पोळ्या घेऊन गेल्या. ही पदराला डोळे पुसत राहिली. तेवढ्यात काकू पुन्हा दारात, हातात पातेलं.

"नुसतं पुरण हाय. डाळ आन् गूळ. आता बोला!"

आमच्या सणाला चालणाऱ्या तांदळाच्या भाकरीवर पुरण घेऊन मी जेवायला बसलो. काकू समोरच बसल्या. तिसऱ्या घासाला त्यांनी माझ्या ताटातला तुकडा मोडून तोंडात टाकला.

"पुरण झ्याक झालंय," हिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "भाकरी वाईच जाड हाय गं."