शहनाजनं शिसं बाहेर काढलं

पिरंगुटच्या बाजारात शहनाजशी वाकडं बोलायची कुणाची टाप नाही. कोंडिबा भाजीवाला तर तिला लांबून येताना पाहिलं की किडकी वांगी आपण होऊनच बाजूला काढतो. तिला भांडकुदळ म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते खोटंही नाही. पण ही बाई एकदा स्वतःच्या घरात अशी काही भांडली, की ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

शहनाज ही कल्हईवाल्यांची सून. सासरे इलाही चाळीस वर्षं भट्टीपुढे बसलेले. स्टीलनं त्यांचा धंदा पार झोपवला होता. मग कासार आंबोलीला शनिवार-रविवारचे बंगले झाले, आणि बंगलेवाल्यांना एकाएकी पितळेच्या पातेल्यातलं वरण गोड लागायला लागलं. गाड्यांच्या डिक्यांमधून पातेली, पराती, डबे यायला लागले. भट्टी घरामागच्या पडवीतच. शहनाजचा नवरा अनिस भाता फिरवायचा. इलाही तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कापसाचा बोळा फिरवायचे, मग कथलाची कांडी टेकवायचे, आणि काळपट भांडं डोळ्यांदेखत लखलखायला लागायचं. बघणारे खूश. कथील मात्र महाग, म्हणून इलाही त्यात शिसं मिसळायचे. त्यांच्या वडलांनी त्यांना तसंच शिकवलं होतं, आणि त्यात लबाडी आहे हे त्यांच्या मनालाही कधी शिवलं नव्हतं. जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं ते पळीत वितळवायचे, तेही त्याच पडवीत.

रुही रांगायला लागली तशी तिची जागा भट्टीशेजारी ठरली. तिथं ऊब होती, आणि पोर सगळ्यांच्या नजरेसमोर राहायची. तिला दात यायला लागले तेव्हा आजोबांनी शिशाची बोटभर बाहुली ओतून दिली. शिसं मऊ, हिरड्यांना टोचत नाही. त्या घरात प्रत्येक तान्ह्या पोराला अशी बाहुली मिळायची, अनिसलाही मिळाली होती. रुही ती चोखत तासन् तास गप्प बसायची आणि शहनाजची कामं उरकायची. आता ते आठवलं की शहनाज म्हणते, स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

चौथं वर्ष लागलं आणि रुहीचं काहीतरी बिनसलं. चुरुचुरु बोलणारी पोर शब्द विसरायला लागली. पोट दुखतंय म्हणून गडाबडा लोळायची. अंगणवाडीत एका जागी बसेना, शेजारच्या पोरांना चावायची. सेविका नलिनीताई बाई चांगली, पण तीही टेकीला आली.

"शहनाज, घरीच ठेव गं हिला," ती म्हणाली. "कुनी काय करायचं? बापावर गेलीय पोर."

हे वाक्य शहनाजच्या काळजात घुसलं. अनिसची शाळा चौथीतच सुटली होती. तीन कामं एकदम सांगितली तर त्याच्या ध्यानात एकच राहायचं, आणि रागाला आला की हातातलं असेल ते भिरकावायचा. सगळं पिरंगुट त्याला अर्धवट म्हणायचं, तेही तोंडावर. लग्नानंतर शहनाजनं तसं म्हणणाऱ्या दोघांच्या कानाखाली वाजवली, तेव्हापासून गाव ते पाठीमागं म्हणायला लागलं. नवऱ्यावर शिक्का बसला तेव्हा ती तिथं नव्हती. पोरीवर मात्र तो तिच्या डोळ्यांदेखत बसत होता, आणि ते ती मुळीच होऊ देणार नव्हती.

शेजारची गंगूबाई म्हणाली, नजर लागली असंल, मिरच्या उतरून टाक. शहनाजनं मिरच्या फोडणीला टाकल्या आणि पोरीला काखोटीला मारून पुण्याची बस धरली. दोन डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. तिसरी जान्हवी नावाची तरुण डॉक्टरीण. तिनं रुहीच्या फिकट हिरड्या पाहिल्या आणि आजवर कुणी न विचारलेलं विचारलं, "घरी कसला धंदा आहे तुमचा?"

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीण म्हणाली, "रक्तात शिसं असूच नये. आकडा पाचावर गेला तरी आम्हाला काळजी वाटते, हिचा बेचाळीस आहे. लहान मुलांचं अंग शिसं मोठ्यांपेक्षा जास्त शोषून घेतं, आणि त्याच वयात मेंदू घडत असतो. मग लक्ष टिकत नाही, शब्द मागे पडतात, चिडचिड होते. मूल वाईट नसतं, हट्टीही नसतं. आधी घरातलं शिसं बंद करा. गेलेलं सगळं परत येईल असं खोटं मी सांगणार नाही. पण शिकवत राहिलात तर खूप फरक पडतो."

शहनाजनं विचारलं, "आन् हिच्या बापाला ल्हानपनी झालं असंल तर?"

"ते आता सांगता येणार नाही. आजचं रक्त तेव्हाचं काही सांगत नाही."

शहनाज घरी आली ती थेट पडवीत गेली. पाण्याची बादली उचलली आणि पेटत्या भट्टीत ओतली. राखेचा आणि वाफेचा लोट उठला. इलाही ताडकन उभे राहिले.

"डोस्कं फिरलं काय तुजं? गिऱ्हाइकाचं काम चाललंय!"

"रुहीच्या रक्तात शिसं निघालंय, अब्बा. ह्या भट्टीतलं."

"कथील हाय त्ये."

कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर कुरकुरते. शिसं जास्त असेल तर गप्प राहते. ही पारख शहनाजला इलाहींनीच शिकवली होती. तिनं भट्टीशेजारी पडलेली कांडी उचलली, सासऱ्याच्या कानाजवळ नेली आणि वाकवली. आवाज आला नाही.

"ऐका," ती म्हणाली. "कुटं हाय कथील?"

इलाहींचा आवाज चढला. "माज्या बापापास्नं शिसं घालतोय आमी! ह्यो अनिस ह्याच धुरात वाढला. त्येला काय झालं?"

अनिस भात्याचा दांडा धरून तिथंच उभा होता.

"काय झालं?" शहनाजच्या अंगाची लाही झाली. "पाडं पाठ व्हत न्हाईत म्हनून गुरुजी अंगठे धराय लावायचे. घरला आलं की तुमी पट्ट्यानं मारायचा. गावानं येडा म्हनून नाव पाडलं त्येंचं. आन् तुमी इचारताय, काय झालं?"

पुरावा तिच्याकडे नव्हता. डॉक्टरणीनं तो देताही येणार नाही असं सांगितलंच होतं. पण अनिसला पुरावा लागलाच नाही. तो हळूच म्हणाला, "अब्बा, माज्याकडंबी व्हती ना बाहुली?"

इलाहींनी हातातला कापसाचा बोळा खाली ठेवला. "व्हय," ते म्हणाले. "लई रडायचास तू. ती दिली की गप व्हायचास."

म्हाताऱ्याची तेव्हा कीव यावी अशीच त्याची अवस्था होती. शहनाजलाही आली, पण ती थांबली नाही. बाहुली, पळी, बॅटऱ्या, सगळं दुसऱ्याच दिवशी घराबाहेर गेलं. पडवीतली वीतभर माती खणून काढली, घर ओल्या फडक्यानं पुन्हा पुन्हा पुसलं. नवी भट्टी वस्तीपासून लांब, माळावर, आणि निव्वळ कथलाची. मग अनिसच्या गाडीवर मागे बसून ती बंगल्याबंगल्यानं फिरली. "आमच्या कल्हईत शिसं व्हतं, ह्यात रांधू नका, काढून नवी करून देतो," असं सांगत. एका बाईनं पोलिसांत देईन म्हणून दम दिला. शहनाज म्हणाली, "द्या की. पन आदी त्ये पातेलं चुलीवरनं उतरवा." निम्मी गिऱ्हाइकं कायमची तुटली. परत आलेल्या पातेल्यांना इलाहींनी माळावर बसून नव्यानं कल्हई केली.

वर्ष-दीड वर्षात रुहीच्या रक्तातला आकडा निम्म्याहून खाली आला. शब्द परतायला लागले. चावणं गेलं, पण एका जागी बसणं काही जमेना.

रुहीला सहा वर्षं झाली त्या जूनमध्ये तिघं शाळेत गेली. पहिलीचा अर्ज घ्यायला विश्राम गुरुजी होते. अनिसला अंगठे धरायला लावणारे हेच, आता रिटायर व्हायला आलेले. रुही कपाटापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून कपाटापर्यंत पळत होती. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं.

"अनिसची ना ही? बापावर गेलीय," ते म्हणाले. "वर्षभर घरीच ठेवा. ही काही वर्गात बसायची नाही."

शहनाजनं पदर खोचला. पण ती तोंड उघडायच्या आत अनिस एक पाऊल पुढे झाला. या माणसासमोर त्यानं आजवर मान वर केली नव्हती.

"व्हय गुरुजी, माज्यावरच गेलीय. मलाबी बसता येत नव्हतं. पन मला तुमी घालवलं तवा माज्यासाठी भांडायला कुनी न्हवतं, हिच्यासाठी आमी दोगं हाय. बसता न्हाई आलं तर हुबी ऱ्हाईल ती. पन वर्गातच ऱ्हाईल."