भुतं नसतात, पुन्हा वाच

वाचनालयासाठी पुस्तकं आणायला मला पाठवलं आणि त्यातलं एक मी न उघडताच विकत आणलं. काळा कापडी पुठ्ठा, वर चित्र नाही, वजन चांगलं. एवढं रुक्ष दिसतंय म्हणजे समाजशास्त्राचंच असणार, असा माझा हिशेब. निघाल्या भुतांच्या कविता.

हुबळीतली आमची वस्ती छप्पननंतर बौद्ध झालेली. वाचनालय म्हणजे पत्र्याची एक खोली आणि ते चालवणारे अप्पा. माझे ते कुणी नव्हेत. सगळी वस्तीच त्यांना अप्पा म्हणायची. त्यांनी पुस्तक चाळलं, चष्मा काढला.

“घरातले देव उणकलच्या तळ्यात सोडून आलो आपण. आणि तू भुतं घेऊन आलास?”

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल: काहीही सांगा, त्याचा एकच प्रश्न, “पुरावा?” शेजारची म्हैस गाभण आहे म्हटलं तरी, “पुरावा?” दर रविवारी अप्पा आमच्यासारख्या वस्त्यांवरचे संशोधनग्रंथ मोठ्यानं वाचून दाखवत. घरटी माणसं किती, शिकलेली किती, मेलेली किती. निम्मी मंडळी भिंतीला टेकून घोरत. माझी आई मात्र जागी असे. “मेलेल्यांची नुसती बेरीज सांगतात,” ती म्हणे, “नावं सांगत नाहीत.”

काळं पुस्तक अप्पांच्या मुलीनं पळवलं. हायस्कुलात जाणारी पोर. तिन्हीसांजेला पायरीवर बसून ती कविता म्हणायची आणि माझ्यासारखा घोडा परसाकडं जायला सोबत शोधायचा.

“बंद कर ते!” अप्पा आतून ओरडत.

“भुतं नसतात ना अप्पा? मग भिता कशाला?”

त्याच वर्षी वस्तीत विषमज्वर आला आणि ती गेली.

काही दिवसांनी अप्पांनी मला घरी बोलावलं. काळं पुस्तक पुढं केलं. “वाच.”

मेलेल्या मुलीची कविता होती. ती आपल्याच दारात येऊन पाणी मागते. आत आई जागी असते, पण दार उघडत नाही. मला ते वाचवेना. मी आपल्या अकलेनं दार उघडलं, मुलीला आत घेतलं, पाणी पाजलं, वर यमकही जुळवलं.

अप्पा म्हणाले, “तिनं असं कधी म्हटलं नाही. लिहिलंय ते वाच.”

मी कवितेतलं दार पुन्हा लावून घेतलं. शेवटच्या ओळीनंतर मला राहवेना आणि मी बरळलो, “येईल हो ती, अप्पा.”

“भुतं नसतात,” अप्पा म्हणाले. त्यांची नजर दारावर होती. “पुन्हा वाच.”

पुढं दर रविवारी संशोधनग्रंथ आटोपला की माझी पाळी. मी वाचायचो, अप्पा डोळे मिटून मान हलवायचे. “असं नव्हे.” पुन्हा वाचायचो. “असं नव्हे.” अप्पा आपल्याला तयार करताहेत अशी माझी पक्की समजूत. घरी आरशासमोर आवाज घोगरा काढून सराव करायचो. बायको दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. नवनगरला बिऱ्हाड हलवल्यावरही सायकल मारत यायचो. अप्पा म्हातारे झाले, कान गेले, तरी मान हलायचीच.

मग अप्पाही गेले. त्यांच्या बायकोसमोर, आमच्या अक्कांसमोर, बसलो. फळीवरचं काळं पुस्तक काढलं.

“अक्का, हे ते माझ्याकडूनच ऐकायचे. तुम्हाला वाचून दाखवू?”

“साकु, पुरे,” अक्का म्हणाल्या. “तू चुकलास की पोर कसं म्हणायची ते त्यांना आठवायचं. म्हणून तुला बोलवायचे. नाहीतर चांगलं वाचणारी माणसं वस्तीत काय कमी होती?”