शेजारच्या ओसरीवरचा फोटो

चूक माझी आहे, म्हणून मीच सांगतो. गावानं सांगितली तर त्यात तिखटमीठ पडतं. पडलंच आहे.

भूम तालुक्यात ईटजवळ आमचं गाव. लग्न झाल्यापासून मी आणि आमची सरूबाई पत्र्याच्या एका खोलीत राहतो. पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवलेत. वारं सुटलं की सरूबाई वर बघत जेवते.

यंदा घरकुलाच्या यादीत नाव आलं. घर बांधायला सरकारची मदत मिळणार. त्याआधी भूमहून इंजिनिअर येऊन पाहणी करणार, एवढंच बाकी होतं.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पण व्यवहार कळतो, असा माझा समज. धाकट्या लेकीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मी त्यांना शेजारच्या जगन्नाथच्या घरी बसवलं होतं. स्लॅबचं घर, खाली फरशी, ओसरीला रंग. आमच्याकडं सगळेच तसं करतात. सोयरीक जमली. आता तुम्हीच सांगा, पोरगी करताना लोक घर बघतात, मग सरकार एवढी रक्कम कंगालाच्या हातात देईल का?

इंजिनिअर आले तेव्हा मी फेटा बांधून जगन्नाथच्या ओसरीवर उभा होतो.

"आबा, हे घर तुमचंच का?"

"मग कुणाचं?"

"स्लॅब कधी टाकला?"

"लई दिस झाले. अजून थेंब गळत न्हाय."

"आणि ती पत्र्याची खोली?"

"तिथं शेळ्या असत्यात."

त्या खोलीत सरूबाई साहेबांसाठी चहा करत होती. तिनं सगळं ऐकलं. चहा साहेबांना दिला, मला दिला नाही.

साहेबांनी मोबाइलवर माझा घरासकट फोटो काढला. मी ताठ उभा राहिलो.

महिन्याभरानं ग्रामसेवकानं बोलावलं. "आबा, तुमचं नाव कटलं. पक्कं घर असलं तर घरकुल मिळत न्हाय."

"कुणाचं पक्कं घर?"

त्यानं फोटो दाखवला. फेटा माझाच होता.

घरी येऊन सांगितलं. सरूबाईनं एकदा पत्र्याकडं बघितलं. मग म्हणाली, "बरोबर हाय. शेळ्यांना कसलं घरकुल?"

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी भूमला इंजिनिअरसाहेबांचं ऑफिस गाठलं. डोक्याला फेटा नव्हता, साहेबांनी ओळखलं नाही.

"साहेब, फोटोतला माणूस खोटं बोलला."

"कोण आहे तो?"

"म्याच."

एक शब्द बोलायला मला साठ वर्षांत एवढं जड कधी गेलं नव्हतं. साहेबांनी फेरपाहणीचा अर्ज लिहून घेतला. मी सही केली. अंगठा नाही, सही.

साहेब पुन्हा आले, तेव्हा सरूबाई दारात उभी होती. मला म्हणाली, "तुमी आता एक शब्द बोलू नका. जावा, तुमच्या स्लॅबच्या घरात बसा."

गेलो. ओसरीवरून बघत होतो. पत्र्याच्या खोलीपुढं पदर सावरून ती उभी होती, आणि साहेब फोटो काढत होते.

मागून जगन्नाथची बायको चहा घेऊन आली.

"बसा की, भावजी. घर तुमचंच हाय."