भट्टीवरची खूण

शिरोलीच्या फौंड्रीत आमचा जोडीदार वितळलेल्या लोखंडानं भाजून मेला. कंपनीनं भट्टीपुढं कठडा काही बसवला नाही, आम्हाला मात्र ताण घालवायचं शिक्षण दिलं, तेही इंटरनेटवरून. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पुण्याची एक बाई म्हणाली, "डोळे मिटा. श्वासाकडं लक्ष द्या."

सगळ्यांनी मिटले. मला जमेना, म्हणून मी शेजारी बघितलं. भट्टीच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, आम्ही हातानंच बोलतो. शेजारी बसलेल्या मिस्त्रींचा पंजा वर उठला होता आणि मिटल्या डोळ्यांनी ते एकच खूण करत होते, मागं सर, मागं सर. त्या दिवशीही त्यांनी ती केली होती. पण जोडीदार पाठमोरा होता.

बाई म्हणाली, "आता हात सैल सोडा."